टीम मॅनेजरचा पावसाळी बंदोबस्त

गुरुवार, २४ जुलै. दुकानात.

आजपासून रोजनिशी. मोठ्या रेसिंग टीमचे मॅनेजर रोज नोंदी ठेवतात म्हणे. ही कोणी वाचायची नाही. बायकोने, हिरानेसुद्धा नाही. (हिरा, वाचत असशील तर खाली ठेव.)

आधी परिस्थिती. रविवारी मळवलीला डर्ट ट्रॅक चॅम्पियनशिपची शेवटची फेरी. आमची रायडर अरफा पॉइंट्समध्ये पहिली आहे. फायनलमध्ये पहिल्या पाचांत आली की चॅम्पियन. चॅम्पियनला पुढच्या वर्षी नाशिकची मोठी टीम घेणार, बाइक देणार, देशभर फिरवणार. पोरीने तीन वर्षं ह्याच एका गोष्टीसाठी हाडं मोडून घेतलीत. पण सहावी आली आणि पुण्याचा प्रज्ञेश जिंकला, तर चॅम्पियन तो. प्रज्ञेश चिखलात जिंकतोच. म्हणजे आपल्याला पाचवा नंबर पाहिजेच पाहिजे.

आमची टीम: रायडर अरफा, वय एकवीस. मेकॅनिक तिचे वडील नसीर, लोणावळ्यात गॅरेज, माझा शाळेपासूनचा दोस्त. टीम मॅनेजर मी, सोपान येवले, सोपान चिक्की, कुसगाव. मॅनेजर हे पद मीच काढलं आणि मीच स्वीकारलं. नसीर काही बोलला नाही, म्हणजे त्याला मान्य आहे.

आज त्याने मला माझं काम सांगितलं. स्टार्टच्या आधी रायडर बाइकवर बसून राहते, तेव्हा तिच्या डोक्यावर छत्री धरायची. मी हसलो. छत्री! म्हटलं, त्याला कोणीतरी बघू.

पाऊस: रविवारी नाही. मोबाइल काहीही दाखवू दे. माझा जन्म मावळातला आहे, मला ढगाची जात कळते.

संकल्प: रागवायचं नाही. चहा कमी. बाइकला हात लावायचा नाही (हे नसीरने सांगितलं, पण मी आधीच ठरवलं होतं).

काळं जॅकेट शिवून आलं. पाठीवर इंग्रजीत मॅनेजर. पोटावर जरा घट्ट आहे. न जेवता बरोबर बसतं.

शुक्रवार, २५ जुलै. मळवली, आमच्या तंबूत.

पाऊस. पण हा रविवारचा पाऊस नव्हे. हा आज पडून संपणारा पाऊस आहे.

ट्रॅक दत्तोबाच्या माळावर. खाली भाताची खाचरं, वर माळ, मध्ये एक ओहोळ. ओहोळाजवळ डावं वळण आहे, तिथे गुडघाभर पाणी. बाइका त्यात शिरतात आणि खोकत बाहेर येतात. सकाळच्या प्रॅक्टिसला चार जणांच्या तिथेच बंद पडल्या. अरफाचीही खोकली, पण बंद पडली नाही.

नसीरने सीटखालचं बाजूचं झाकण काढलं. आत एक डबा आहे, त्यात फिल्टर. फिल्टर ओला चिंब. त्याने तो पिळला, तेल लावलं, परत बसवला. मी विचारलं, पाणी इथूनच जातं का? तो म्हणाला, व्हय, इथूनच. इथूनच श्वास घेते ना ती.

नसीर पावसाळ्यात असा कवी होतो. मी पाण्याचा मुद्दा तेवढा लक्षात ठेवला.

माइकवर स्वतः दत्तोबाच आहे. आयुष्यभर त्याने बैलगाडा शर्यतीच्या घाटात निवेदन केलं. इथेही तसंच करतो. बाइक सुटली की भिर्र्र्र म्हणतो, रायडरला गाडामालक म्हणतो. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ, रविवारी माइकवर एकदा तरी माझं नाव घ्या, दुकानासकट. तो म्हणाला, घेतो की शेठ, पन कायतरी निमित्त पायजे, उगं कुनाचं बी नाव घेत न्हाई मी. म्हटलं, निमित्त मी देतो.

त्याला पावसाचंही विचारलं. म्हणाला, आवं, लोहगड दिसतुया का? न्हाई ना? मंग आता चार दिस न्हाई हटत ह्यो. 

दत्तोबा भला माणूस आहे, पण हवामान त्याचा विषय नाही.

शनिवार, २६ जुलै. दुपार.

पाऊस चालू. काल मी फक्त शुक्रवारबद्दल म्हणालो होतो.

आज क्वालिफाइंग. उद्या स्टार्टला कोण कितवा उभा राहणार ते आजच ठरतं. अरफा हेल्मेट घालण्याआधी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसते. लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे अशीच बसायची, मीच नेलं होतं. मी तिला धीर द्यायला गेलो. सांगितलं, बाळा, टेन्शन घेऊ नकोस, फक्त तुझं आयुष्य अवलंबून आहे. ती म्हणाली, काका, प्लीज बाहेर थांबा.

दुसऱ्या लॅपला ओहोळाजवळ आपटली. बाइक एकीकडे, पोरगी एकीकडे. नसीर धावला नाही, जागच्या जागी उभा राहिला आणि पाना असा धरून ठेवला की बोटं पांढरी पडली. मी मात्र धावलो. चिखलात बूट राहिला. तोवर ती उठून बाइकवर बसून निघून गेलीही होती. बूट दुपारी मिळाला, एका बदकाच्या शेजारी.

तिसरी आली. पहिल्या पाचांत, आरामात. उद्या एवढंच पुन्हा केलं की झालं. बाइक मात्र त्या पाण्यात प्रत्येक लॅपला खोकत होती. उद्या ओहोळातच बंद पडली तर? हा प्रश्न माझ्याशिवाय कोणाला पडलेला दिसत नाही. नसीर म्हणतो, जरा खोकली तर खोकू द्या शेठ, थांबत नाही ना. ही कसली वृत्ती!

जनसंपर्काचं काम: सगळ्या टीमच्या तंबूत जाऊन शेंगदाणा चिक्कीची एकेक पिशवी वाटली. पिशवीवर माझा फोटो आहे, खाली लिहिलंय, हवाबंद पॅकिंग, कायम कुरकुरीत. प्रज्ञेशच्या तंबूतही दिली. त्याचा मेकॅनिक म्हणजे कोवळं पोरगं, दोन्ही हातांनी घेतली. मोठं मन ठेवावं लागतं.

नाशिकच्या टीमच्या अनघा मॅडम आल्या होत्या, रायडर बघायला. मी जॅकेट सरळ करून पुढे झालो. त्यांनी विचारलं, मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवलीय? म्हटलं, बेताची. त्यांनी स्वतःच वाकून टायर दाबून बघितला. छाप पडली. पुढच्या वर्षी अरफाला नेलं तर तिच्यासोबत मॅनेजर लागेलच ना. हिराशी बोललं पाहिजे, नाशिकला भाड्याची खोली की काय.

शनिवार, संध्याकाळ. घरी.

हिराशी बोललो. ती म्हणाली, आधी बूट धुवा.

संकल्प: उद्या बाइकला हात लावायचा नाही. पण विचार करायला कोणाची बंदी नाही.

रविवार, २७ जुलै. सकाळ.

धो धो. लोहगड नाही, विसापूर नाही, समोरचा तंबू नाही. आयोजक म्हणतात, फायनल होणारच. ओहोळ आता ओढा झालाय.

वॉर्म-अपला अरफाची बाइक पाण्यात दोनदा खोकली. एकदा अगदी थांबणार असं वाटलं. माझं काळीज थांबलं होतं, बाइक नाही. प्रज्ञेशची खोकतच नाही. त्याच्या बाइकला पुण्याहून आणलेलं काहीतरी झाकण लावलंय म्हणे, जाळीचं.

झाकण! ह्या शब्दावर मी थांबलो. मावळात पावसाळ्यात आपण काय करतो? सगळं झाकतो. दुकानाची पाटी, स्कूटरची सीट, टीव्हीचा रिमोट, लग्नातली नवरी. मग पाणी आत घेणारा तो डबा उघडा का?

आणि हवा-पाण्यापासून वस्तू वाचवायची कशी, हे ह्या माळावर माझ्याइतकं कोणाला कळतं? चिक्कीला हवा लागली की ती मऊ पडते, गिऱ्हाईक दारातून परत जातं. वीस वर्षं मी दुसरं काय केलंय?

रविवार, दुपार. फायनलच्या आधी.

झालं. फार छान झालं.

नसीर आणि अरफा रायडर मीटिंगला गेले. जाताना नसीर म्हणाला, शेठ, बाइकजवळ थांबा, छत्री धरा, बाकी कशाला हात लावू नका, मेहरबानी. मी छत्री धरली. थोडा वेळ धरली. मग तंबूच्या खांबाला अडकवली, कारण काम दोन हातांचं होतं.

बाजूचं झाकण काढलं. एका चापावर आहे, चिक्कीच्या डब्यापेक्षा सोपं. आतल्या डब्याच्या तोंडावर आमची एक नवी पिशवी चढवली, कोपरे आत दुमडले, वरून पॅकिंग टेप. डबल. फुंकर मारून बघितली, हवेचा कण आत जात नाही. पाणी जाण्याची बातच नको. पाच मिनिटांत झाकण परत. नसीर तीन दिवस जे करू शकला नाही ते.

कोणाला सांगितलेलं नाही. जिंकल्यावर सांगीन. दत्तोबाला निमित्त पाहिजे होतं ना.

दोघे परत आले. नसीरने बाइक चालू केली. झाली चालू! आवाज जरा मऊ वाटला. मला तर छान वाटला. नसीरने कान तिरका केला, काहीतरी म्हणणार होता, पण मार्शल शिट्टी मारायला लागला, सगळ्यांना लायनीत बोलावलं. मीच म्हणालो, चला चला, उशीर नको.

निघतो. छत्री घेतली आहे. नसीरचं मन राखायला.

रविवार. संध्याकाळ.

जे झालं ते क्रमाने लिहितो. वही भिजलीय, अक्षर समजून घेणे. (कोणी? असो.)

चोवीस बाइका लायनीत. अरफा पुढच्या रांगेत तिसरी. मी तिच्यावर छत्री धरून उभा. तिचा श्वास काचेआडून ऐकू येत होता. जाताना तिने माझ्या हाताला हात लावला. मी बाजूला झालो. झेंडा पडला.

तेवीस बाइका गेल्या.

अरफाने गिअर टाकला, मूठ पिळली, आणि बाइक खाली बसली. म्हणजे आवाजच बसला. हूं हूं हूं करत चार हात पुढे, आणि बंद. दत्तोबा माइकवर भिर्र्र्र म्हणता म्हणता अर्ध्यात थांबला. म्हणाला, आरं आरं, आपल्या लोनावळ्याची गाडी सुटंना! सुटंना गाडी!

किक मारली. चालू. मूठ पिळली की बंद. पुन्हा किक. नसीर कठड्यापाशी ओरडत होता, हवा! हवा! मला वाटलं तो हवामानाबद्दल बोलतोय. खरंच तसं वाटलं.

मग अरफा खाली उतरली. तिने बाजूचं झाकण उपसलं, आत हात घातला आणि ओढलं. एकदा, दोनदा. टेप डबल होती. तिसऱ्यांदा ते निघालं, तिने ते न बघता मागे फेकलं, झाकण बसवलं, किक मारली, आणि बाइक अशी गरजली की माळावरच्या म्हशी उठल्या. तोवर पुढचे अर्धा लॅप गेलेले.

आणि मग ती जी चालवायला लागली! तसं मी काही कधी बघितलं नाही. शेवटून सुरू केलं. ओहोळात इतर जण दबकत उतरत होते, ही पाण्याच्या वरच्या अंगाने, दगडावरून जात होती. बाइक खोकत होती, प्रत्येक वेळी खोकत होती, आणि एकदाही थांबली नाही. विसावी, सतरावी, बारावी. लोक कठड्याला आले. अनघा मॅडम छत्री मिटून भिजत उभ्या. दत्तोबाचा आवाज फाटला. नववी. नसीर तोंडातल्या तोंडात काही म्हणत होता, मीही माझं म्हणत होतो. सातवी. शेवटच्या लॅपला सहावी, आणि पाचवा तिच्या पुढे दोन बाइकांच्या अंतरावर.

शेवटच्या वळणाला ती त्याच्या मागच्या चाकाला लागली होती. बाहेर काढली, शेजारी आली. रेषेवर त्याचं पुढचं चाक हिच्या पुढे होतं. एका चाकाने.

सहावी. प्रज्ञेश जिंकला. चॅम्पियन प्रज्ञेश.

अरफा बाइकवरून उतरलीच नाही. हेल्मेटही काढलं नाही. नुसते खांदे हलत होते.

आणि तेव्हाच दत्तोबाने माइक घेतला. मार्शलने त्याला ट्रॅकवरून उचललेलं काहीतरी आणून दिलं होतं. तो अख्ख्या माळाला वाचून दाखवायला लागला. सोपान चिक्की, कुसगाव. हवाबंद पॅकिंग, कायम कुरकुरीत. प्रोप्रायटर सोपान येवले. मग म्हणाला, शेठ, तुमचं नाव घ्यायचं राह्यलं हुतं, घेतलं बगा. तुमची पिशवी हितं हाय, घिऊन जावा.

लोक हसले. मीही हसलो. चारचौघात काय करणार.

विचार केला. त्या पिशव्या मी कालच चाळीस वाटल्या. कोणाच्याही तंबूतली असू शकते. त्या पिशवीमुळेच बाइक बंद पडली हे तरी कोणी सिद्ध केलंय? पेट्रोलमध्ये पाणी असेल. क्लच. पोरीला दृष्ट लागली असेल, एवढे लोक बघत होते.

हे मी फक्त विचारात म्हणत होतो. नसीरने त्यातलं पहिलं मोठ्याने म्हटलं. पिशवी हातात घेऊन तो सरळ प्रज्ञेशच्या तंबूत शिरला आणि त्या कोवळ्या मेकॅनिकची कॉलर धरली. म्हणाला, तूच घुसवलीस, आम्ही मीटिंगला होतो तेव्हा. पोरगा रडकुंडीला आला. आईची शपथ घेत होता, मी तर चिक्की पण अजून खाल्ली नाही काका, बघा, पिशवी भरलेली आहे. त्याने खरंच दाखवली.

मी शेजारीच उभा होतो. जॅकेट घालून. तोंड उघडलं होतं, आतून काही आलं नाही. जॅकेट घट्ट आहे.

अरफा आली. वडिलांच्या हातातून पिशवी घेतली. टेप बघितली. दुमडलेला कोपरा बोटाने उलगडून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभर. नसीरला म्हणाली, अब्बा, सोडा त्याला, चला घरी.

टेम्पोत तिघे एका सीटवर. कामशेतचा फाटा मागे गेल्यावर कळलं की आम्ही उलट्या दिशेला चाललोय. नसीर आयुष्यात कधी रस्ता चुकला नाही.

सोमवार, २८ जुलै. दुकानात.

सकाळपासून कारणं लिहायला बसलो होतो. पेट्रोल असं लिहिलं, खोडलं. क्लच असं लिहिलं, खोडलं. हिरा चहा ठेवून गेली.

दुपारी नसीर आणि अरफा आले. पावसातून, एका बाइकवर. मी उठून उभा राहिलो. नसीर म्हणाला, शेठ, अर्धा किलो शेंगदाणा द्या. जरा नीट बांधा, बाहेर पाऊस आहे.

मी वजन केलं. पिशवीत भरलं. हात आपोआप चालतात. तोंड बंद केलं, दोन्ही कोपरे आत दुमडले, वरून टेप. पावसाचं म्हणून डबल.

नसीरने खिशातून कालची पिशवी काढली. धुवून आणली होती. काउंटरवर नवीच्या शेजारी ठेवली. टेपचा तुकडा तसाच होता, कोपराही तसाच, आत दुमडलेला.

लोणावळ्यात चिक्कीची दुकानं शेकडो. असा कोपरा कोणी दुमडत नाही. वडिलांनी, आबांनी मला शिकवला होता आणि मला त्याचा फार अभिमान आहे. होता.

मी म्हटलं, नसीर, पाणी जाऊ नये म्हणून. एवढंच म्हणालो आणि रडलो. दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना. बेचाळीस वर्षांची दोस्ती आहे, मी त्याच्यासमोर कधी रडलो नव्हतो. त्याने काउंटरवरचा फडका माझ्याकडे सरकवला. गुळाने चिकट होता. मी त्याच फडक्याने तोंड पुसलं.

नसीर म्हणाला, त्या पोराची कॉलर मी धरली, माफी मलाच मागायला पाहिजे. पण फोन तुम्ही लावा आधी. लावला. त्या पोराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, जाऊ द्या काका, चिक्की मस्त होती. ह्याने मला जास्त वाईट वाटलं.

अनघा मॅडमनी अरफाला सांगितलंय, नियम म्हणजे नियम, बाइक प्रज्ञेशची. पुढच्या वर्षी चॅम्पियन होऊन ये, मी वाट बघते. एक वर्ष. माझ्या एका पिशवीचं एक वर्ष. पोरगी बावीस वर्षांची होईल.

मी अरफाला म्हटलं, तुम्ही पुढच्या वर्षी दुसरा मॅनेजर बघा, मी नाही येत. मनापासून म्हणालो. थोडंसं तिने नको म्हणावं म्हणूनही.

ती चिक्कीचा तुकडा मोडत म्हणाली, मॅनेजर नकोच आहे काका. पण तुम्ही या. छत्री लागतेच. स्टार्टला तुम्ही शेजारी होतात तेव्हा बरं वाटलं होतं.

मग दारातून वळून म्हणाली, फक्त दोन्ही हातांनी धरायची.

घरची छत्री एका हाताची आहे. बाजारात लांब दांड्याची बघून ठेवतो.